दोन राष्ट्रपती पदके, तरी दवाखान्याच्या बिलासाठी लोकांची मदत. कोण होत्या विठाबाई नारायणगावकर?

गुढीपाडवा जवळ आला की जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी तमाशा ठरवायला गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक तिथे येतात. तारीख बघितली जाते, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. बारामती आणि इंदापूर तालुक्यातील गावांमध्येही यात्रेची पत्रिका छापली जाते, तेव्हा पालखी, छबिना आणि कुस्त्यांच्या जोडीला रात्रीच्या कार्यक्रमात लोकनाट्य तमाशाची ओळ असते. या धंद्यात एक नाव आजही सर्वांत मोठे मानले जाते. ते म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

विठाबाईंना जाऊन दोन तपांहून अधिक काळ लोटला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना त्या फडावर नाचल्या, मध्येच पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच. पण त्या रात्री त्यांना फडावर का उभे राहावे लागले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर विठाबाईंच्या आयुष्यात आहे, तसेच तमाशाच्या अर्थकारणातही आहे.

एका नजरेत विठाबाई

- जन्म : जुलै १९३५, पंढरपूर
- घराणे : भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा
- ओळख : ढोलकीफडातील नर्तकी, गायिका, वगातील अभिनेत्री आणि फडमालकीण
- राष्ट्रपती पदक : १९५७ आणि १९९०
- निधन : १५ जानेवारी २००२

नाव विठा, गाव नारायणगाव

विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून मुलीचे नाव विठा ठेवले गेले. घराचे मूळ गाव मात्र नारायणगाव. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो वाढवला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने हा तमाशा पुणे जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही ओळखला जाऊ लागला.

या नावातच बरेच काही आहे. त्यात माणसांची नावे आहेत, जात आहे आणि गाव आहे. तमाशा ही कला प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी अशा समाजांनी सांभाळली. गावाच्या व्यवहारात ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच ढोलकीवर तेच गाव रात्रभर डोलत असे. विठाबाईंनी पुढे स्वतःच्या नावाचा फड काढला, तेव्हाही फलकावर वडिलांचे नाव, जात आणि गाव तसेच ठेवले.

फडात जन्मलेल्या मुलीला शाळा फडातच मिळते. झोपताना ढोलकी, उठताना हलगी आणि प्रवासात पाठांतर. गण, गौळण, लावणी, भेदिक असे सारे प्रकार विठाबाईंच्या कानावर लहानपणापासून पडत होते. वेगळी तालीम अशी नव्हती. मोठ्यांच्या मागे उभे राहून पाय टाकायचा आणि चुकला की तिथेच सुधारायचा, ही फडाची पद्धत. लहान वयातच त्या बोर्डावर उभ्या राहू लागल्या.

बाई फडावर कधी आली?

विठाबाईंचे स्थान समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेशवाईच्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ तमाशात स्त्रीची भूमिका मुलगाच करत असे. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पठ्ठे बापूराव यांच्या फडात संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळा उभ्या राहिल्या. तमाशातील पहिली नामांकित स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर फडाचे गणित बदलले. नाचणारी बाई हा तमाशाचा प्राण झाला, पण फडाची मालकी बहुतेक पुरुषांकडेच राहिली.

विठाबाईंच्या पिढीने हे चित्र आणखी बदलले. बाई स्वतः फड चालवू लागली. नाचायचे तिनेच, वगातील प्रमुख काम करायचे तिनेच आणि सकाळी कलावंतांचा हिशेब चुकता करायचा तोही तिनेच.

ढोलकीफड आणि संगीतबारी यात फरक काय?

विठाबाईंना अनेकदा लावणी नर्तकी म्हटले जाते. ते अपुरे आहे. तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. संगीतबारीत गाणे आणि नाच हाच मुख्य भाग असतो. हार्मोनियम, तबला आणि ढोलकीच्या साथीने बसून अदाकारीची लावणी आणि नृत्याची लावणी सादर होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरील दौंड तालुक्यातील चौफुला किंवा माढा तालुक्यातील मोडनिंब येथील कला केंद्रे या प्रकारासाठी ओळखली जातात.

ढोलकीफड म्हणजे पूर्ण नाटक. सुरुवातीला गणेशाचे स्तवन म्हणजे गण. त्यानंतर कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांची गौळण. मग लावण्या, सोंगाड्याची बतावणी आणि शेवटी वग. वग म्हणजे ऐतिहासिक, पौराणिक किंवा सामाजिक कथानक. तो पहाटेपर्यंत चालत असे. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि झांज ही त्याची वाद्ये.

अशा फडातील प्रमुख स्त्री कलावंताला एकाच रात्रीत बरेच काही करावे लागते. गौळणीत ती राधा असते, लावणीत नर्तकी असते आणि वगात राणी किंवा गरीब घरची सून असते. गायचे स्वतः, नाचायचे स्वतः आणि संवादही स्वतःच म्हणायचे. बतावणीत सोंगाड्या ऐनवेळी काहीही बोलतो, त्याला तितकेच हजरजबाबी उत्तर द्यावे लागते. पायात वजनदार चाळ असतात. समोर बसलेला प्रेक्षक नाट्यगृहातील नव्हे तर उघड्या मैदानातील असतो. आवडले नाही तर तो लगेच सांगतो. विठाबाई या सगळ्यात निष्णात होत्या, म्हणून त्यांना तमाशासम्राज्ञी ही पदवी लोकांनी दिली.

बंदीचा काळ आणि पहिले पदक

विठाबाई वयात येत होत्या, तोच काळ तमाशासाठी अडचणीचा ठरला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. तमाशा अश्लील आहे, असा आक्षेप होता. या एका निर्णयाने शेकडो घरांची चूल अडचणीत आली. कलावंत आणि तमाशाचे जाणकार एकत्र आले, सरकारपुढे बाजू मांडली गेली आणि बंदी उठली. पण वगाची संहिता आधी सरकारी मंडळाकडून तपासून घेण्याची अट आली.

याच सुमारास अण्णा भाऊ साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कलापथकांनी तमाशाचा बाज घेऊन कामगार-शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. लोकनाट्य हा शब्द रूढ झाला. पारंपरिक फडांनीही आपल्या नावापुढे लोकनाट्य लावायला सुरुवात केली. आजही यात्रेच्या पत्रिकेत नुसता तमाशा न लिहिता लोकनाट्य तमाशा लिहिले जाते, त्यामागे हा इतिहास आहे.

या पार्श्वभूमीवर १९५७ मध्ये विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २२ वर्षे. काही वर्षांपूर्वी ज्या कलेवर सरकारने बंदी आणली होती, त्याच कलेतील मांग समाजाच्या तरुण बाईचा सन्मान आता देशाच्या राष्ट्रपतींच्या नावाने झाला.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले. त्या काळात विठाबाईंनी सीमेवर जाऊन जवानांसमोर कार्यक्रम केले. गावच्या यात्रेतील तमाशा थेट सीमेपर्यंत गेला. त्यांच्या कारकिर्दीतील हा मानाचा टप्पा समजला जातो.

त्या रात्री नेमके काय घडले?

आता ती गोष्ट. विठाबाई नऊ महिन्यांच्या गरोदर होत्या. सुपारी घेतलेली होती, लोक जमले होते. कार्यक्रम सुरू झाला आणि नाचता नाचता त्यांना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या आणि तिथेच बाळंत झाल्या. जवळ सुईण नव्हती, वैद्यकीय मदत नव्हती. बाळाची नाळ दगडाने ठेचून तोडली गेली. थोड्या वेळाने विठाबाई पदर खोचून पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या.

समोरच्या लोकांच्या लक्षात आले की मघाशी गरोदर दिसणारी बाई आता तशी दिसत नाही. विचारपूस झाली. काय घडले ते कळल्यावर लोकांनीच त्यांना हात जोडून आराम करायला सांगितले आणि कार्यक्रम सन्मानाने थांबवण्यात आला. सांगणाऱ्यागणिक बारीकसारीक तपशील बदलतात, पण गाभा हाच राहतो.

धाडस की नाइलाज?

या प्रसंगाकडे फडाच्या हिशेबाच्या बाजूने पाहिले की त्याचा अर्थ बदलतो.

तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया किंवा बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात फड बंद. म्हणजे सात-आठ महिने कमवायचे आणि बारा महिने खायचे. हंगाम सुरू होण्याआधी फडमालकाला कलावंतांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. तिला उचल म्हणतात. गाड्या, कनात, कपडे आणि दागिने यांचा खर्च वेगळा. त्यासाठी सावकाराकडून कर्ज काढले जाते. ते फेडायचे तर ठरलेली एकही तारीख चुकवून चालत नाही.

गावाने सुपारी देताना फड ठरवलेला असतो, पण प्रत्यक्षात पैसे एका नावासाठी मोजलेले असतात. विठाबाई येणार म्हणून लोक जमतात. त्या उभ्या राहिल्या नाहीत तर कमिटी उरलेली रक्कम देत नाही, प्रेक्षक गोंधळ घालतात, पुढच्या वर्षीची सुपारी जाते. त्यांच्यासोबतचे ढोलकीवाले, सोंगाडे, गवळणी, स्वयंपाकी, गाडीवान या सगळ्यांची भाकरी त्या एका रात्रीवर असते. यात्रेत तर दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर हजेरीचा कार्यक्रमही द्यावा लागतो. रात्र जागलेल्या कलावंताला काही तासांत पुन्हा उभे राहावे लागते.

बाळंतपणाची भरपगारी रजा देणारा मातृत्व लाभ कायदा देशात १९६१ मध्ये आला. तो कारखाने, खाणी आणि मळ्यांमधील बायकांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने सर्कससारखे खेळ करणाऱ्या संस्थाही त्यात आल्या. पण हा कायदा मालक आणि नोकर असे नाते गृहीत धरतो. फडात उचल असते, पगारपत्रक नसते. आणि जी बाई स्वतःच फडाची मालकीण असते, तिने रजा मागायची कोणाकडे?

म्हणून त्या रात्रीची गोष्ट निव्वळ कलेवरील निष्ठेची नाही. ज्या धंद्यात आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण यांची कसलीच सोय नाही, त्या धंद्यातील एका बाईची ती गोष्ट आहे. प्रेक्षकांनी त्या रात्री कार्यक्रम थांबवला, हे त्यांचे मोठेपण. व्यवस्थेने मात्र त्यातून काही शिकले नाही.

बारामती-इंदापूरचे तमाशाशी नाते

बारामती आणि इंदापूर हा तमाशाच्या वाटेवरचा मुलूख आहे. लावणीच्या इतिहासातही बारामतीचे नाव येते. आर्या लिहिणारे कवी मोरोपंत बारामतीचे. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनी मोरोपंतांच्या प्रभावाने लावणी सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी परंपरागत कथा आहे. लावणी मोठी की कीर्तन, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. १९४७ मध्ये राम जोशींवर चित्रपटही आला.

नीरा डाव्या कालव्याने या भागात पाणी आणले आणि पाण्याने ऊस आणला. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशा ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. उसाचे पैसे हातात येऊ लागले तशी यात्रांची वर्गणी वाढली आणि मोठ्या फडांना सुपारी देण्याची ऐपत गावांना आली. शिर्सुफळच्या शिरसाई देवीपासून नीरा नरसिंहपूरच्या नृसिंहापर्यंत या पट्ट्यात दैवते अनेक आणि यात्राही अनेक. इंदापूरच्या पलीकडे नीरा ओलांडली की अकलूज लागते. तिथे १९९३ मध्ये सुरू झालेली लावणी स्पर्धा पुढे राज्यभर गाजली.

आणखी एक साम्य या भागातील वाचकाला लगेच कळेल. उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या जोडप्यांनाही हंगामाआधी उचलच दिली जाते. तिथेही दसरा-दिवाळीनंतर घर सोडायचे, उघड्यावर राहायचे आणि उचल फिटेपर्यंत थांबायचे नाही. तिथेही बाईला बाळंतपणासाठी हक्काची सुट्टी मिळत नाही. फड हा शब्द दोन्हीकडे आहे आणि उचल हा शब्दही दोन्हीकडे आहे.

पडद्यावरचा तमाशा आणि मातीतला तमाशा

विठाबाईंची कारकीर्द ऐन भरात होती, तेव्हा मराठी चित्रपटही तमाशावर चालत होता. १९५९ चा सांगत्ये ऐका पुण्यातील विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. १९७२ मध्ये पिंजरा आला. हंसा वाडकर, जयश्री गडकर, संध्या यांनी पडद्यावर तमाशातील बाई रंगवली आणि घराघरांत पोहोचवली. १९६५ मध्ये वसंत सबनीस यांचे विच्छा माझी पुरी करा आले. शहरी नाट्यगृहातील प्रेक्षक तमाशाच्या बाजावर खूश झाला.

तमाशाला प्रतिष्ठा मिळाली, पण ती प्रामुख्याने तमाशावर बेतलेल्या कलाकृतींना. फडातील कलावंत मात्र ट्रकमधून गावोगाव फिरत राहिले. पुढे दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, ऑर्केस्ट्रा आला. प्रेक्षक हिंदी गाण्यांची फर्माईश करू लागले. वग आखडत गेला आणि गाणी वाढत गेली. तंबू लावून तिकिटावर खेळ करणाऱ्या फडांचा खर्च भागेना. पिढ्यान् पिढ्या जमवलेला फड कर्जात जाणे ही तेव्हाची नेहमीची गोष्ट झाली.

दुसरे पदक आणि शेवटचे दिवस

१९९० मध्ये विठाबाईंना दुसऱ्यांदा राष्ट्रपती पदकाचा सन्मान मिळाला. पहिल्या आणि दुसऱ्या पदकात ३३ वर्षांचे अंतर होते. या काळात त्यांनी मुले वाढवली, फड चालवला, नव्या कलावंतांना उभे केले. त्यांच्या मुलींनीही तमाशाची वाट धरली. त्यांपैकी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढून आईइतकेच नाव कमावले.

पदकांनी मान मिळाला, पण त्यातून घर चालत नव्हते. पाय थकले की नर्तकीची कमाई थांबते. साठवलेले पैसे नसतात, भविष्य निर्वाह निधी नसतो. राज्यात वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना जुनी आहे, पण त्यात आयुष्यभराच्या कर्जाची भरपाई होत नाही. विठाबाईंची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दवाखान्याचे बिल चुकते करण्यासाठी लोकांनी केलेल्या मदतीचा आधार घ्यावा लागला.

नाव राहिले, प्रश्नही राहिला

विठाबाईंच्या निधनानंतर काही वर्षांतच राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशासाठी आयुष्य वेचलेल्या कलावंताला तो दिला जातो. कांताबाई सातारकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंतांना तो मिळाला आणि विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीने स्वतःच्या कामावर मिळवावा, असा योग क्वचितच येतो.

मात्र पुरस्कार वर्षाला एकाच कलावंताला मिळतो आणि फडात राबणारे हात कितीतरी असतात. करोनामुळे २०२० च्या चैत्रात यात्रा भरल्या नाहीत आणि पुढच्या वर्षीही तीच वेळ आली. हंगाम बुडाला, राहुट्या लागल्या नाहीत, उचलीची कर्जे मात्र तशीच राहिली. विठाबाईंच्या काळात एक रात्र चुकली तर काय होईल, ही भीती होती. त्या दोन वर्षांत सलग दोन हंगाम गेले आणि तेव्हाही कलावंतांना देणग्या आणि किराणा मालाच्या मदतीवरच दिवस काढावे लागले.

विठाबाईंची आठवण काढताना दगडाने तोडलेली नाळ सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. त्यासोबत त्या रात्रीची सुपारी, तिच्यामागची उचल आणि उचलीमागचे कर्जही सांगितले, तरच दोन राष्ट्रपती पदके मिळवलेल्या बाईला शेवटी लोकांच्या मदतीवर का अवलंबून राहावे लागले, हे समजते.